वकीलबाईंची खटलेमालिका वाचायची कशी: पहिल्या भागापासून निकालापर्यंत

आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर दर पावसाळ्यात कोणीतरी कोर्टकचेरीची रहस्यमालिका वाचायला काढतं. नायिका बचाव पक्षाची वकील, प्रत्येक भागात नवा खटला. आणि दर पावसाळ्यात तक्रारही तीच येते: "खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं, पुढं नुसती वकिली." किंवा, "अर्धं डोक्यावरून गेलं, म्हणून कोर्टाची प्रकरणं चाळली आणि शेवट वाचला."

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण या मालिका गुप्तहेराच्या कथेसारख्या वाचतो. तिथं खून कोणी केला हा प्रश्न असतो. इथला प्रश्न आहे, सरकार पक्षाला तो सिद्ध करता येईल का? वकीलबाईंना खुनी शोधून द्यायचा नसतो, वाजवी संशयाला जागा आहे एवढं दाखवायचं असतं. हे एकदा मनात बसलं की ज्या पानांना आपण 'नुसती वकिली' म्हणतो तीच खरी गोष्ट ठरतात. त्यासाठी थोडी तयारी लागते आणि क्रम पाळावा लागतो. तो क्रम खाली देते आहे.

तयारी

१. पहिला भाग मिळवा, मगच सुरुवात करा

प्रत्येक भागातला खटला स्वतंत्र असतो, म्हणून कुठूनही सुरू केलं तरी चालेल असं वाटतं. ते चालत नाही. खटला त्या भागात संपतो, पण वकीलबाईंचं आयुष्य पुढच्या भागात जातं. मोडलेलं लग्न, मुलाचं वय, ऑफिसचं भाडं, मागच्या खटल्यात दुखावलेले न्यायाधीश, सगळं पुढं येतं. मी एकदा अप्पा बळवंत चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर एका मालिकेचा चौथा भाग स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. तिसऱ्याच पानावर पहिल्या भागातला आरोपी सुटला की नाही ते एका वाक्यात सांगून टाकलेलं होतं. नंतर पहिला भाग वाचला, पण निकालाच्या दिवशी छातीत जी धडधड व्हायला हवी ती झाली नाही.

क्रम ठरवताना पुस्तकाच्या आतल्या पानावरचं प्रथम प्रकाशनाचं वर्ष बघा. मुखपृष्ठावर जाऊ नका, कारण नव्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं बदलतात आणि जुना भागही नवाकोरा दिसतो. नमुना म्हणून नीना रायली ही वकील असलेली मालिका घ्या. पेरी ओ'शॉनेसी या एका नावाखाली दोन बहिणींनी ती लिहिली. पहिला भाग 'मोशन टू सप्रेस' १९९५चा, दुसरा १९९६चा, तिसरा १९९७चा. वर्षं लिहून काढली की क्रम आपोआप लागतो.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय किंवा लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर इथं चौकशी करा, कट्ट्यावरच्या मंडळींत फिरवा. फक्त पहिले दोन भाग हातात असल्याशिवाय सुरू करू नका. पहिला संपल्यावर दुसऱ्यासाठी तीन महिने थांबावं लागलं की माणसांची नावंसुद्धा विसरतात.

सावधान: पुढच्या भागाचं मागचं कव्हरही आधी वाचू नका. आधीच्या भागांचे निकाल तिथं सर्रास दिलेले असतात.

२. वही आखा

शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरे. वही उघडल्यावर डावं पान सरकार पक्षाचं, उजवं बचाव पक्षाचं. डावीकडे प्रत्येक साक्षीदारासमोर तीन गोष्टी लिहा: त्याने काय सांगितलं, ते त्याने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, आणि त्याच्या जोडीला कोणती वस्तू किंवा कागद आहे. आपल्याकडे कोर्टात दाखल केलेल्या कागदाला 'निशाणी' म्हणतात, तोच शब्द वापरा. छोटा आहे आणि डोक्यात बसतो. उजवीकडे त्याच साक्षीदाराच्या उलटतपासणीत काय ढासळलं ते लिहा. खोडरबर वापरू नका. एखादा मुद्दा पडला तर त्यावर एकच रेघ मारा, कारण पाडलेला मुद्दा शेवटच्या युक्तिवादात परत उभा राहतो.

वहीच्या शेवटच्या पानावर माणसांची यादी ठेवा. इंग्रजी पुस्तकांत एकाच माणसाला बायको पहिल्या नावाने, कोर्ट आडनावाने आणि मित्र टोपणनावाने हाक मारतात. तिन्ही नावं एका ओळीत लिहा. आमच्या कट्ट्यावर एक काका दीडशे पानं दोन वेगळे साक्षीदार समजून वाचत होते. तो एकच माणूस होता.

३. खटला कुठल्या कायद्याखाली चालतोय, ते आधी समजून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबते. या प्रकारातल्या बहुतेक मालिका अमेरिकेत घडतात. आपल्या डोक्यात मात्र शिवाजीनगरचं कोर्ट असतं, आणि आपण नकळत त्याचे नियम तिथं लावतो. मग नायिका मूर्ख वाटायला लागते किंवा लेखकच चुकलाय असं वाटतं. पाच फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्युरी. आपल्या सत्र न्यायालयात पुरावा तोलणारा आणि कायदा लावणारा माणूस एकच, न्यायाधीश. १९५९च्या नानावटी खटल्यात मुंबईला ज्युरी होती हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. अमेरिकेत खुनाच्या खटल्यात साधारण बारा सामान्य माणसं घटना खरी की खोटी ते ठरवतात, आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला त्यांचं एकमत लागतं. एकजण जरी अडला आणि तिढा सुटला नाही तर खटला निकालाविना संपतो आणि पुन्हा चालवता येतो. म्हणून वकीलबाई न्यायाधीशांशी एका सुरात बोलतात आणि ज्युरीशी दुसऱ्या. ज्युरी निवडण्याचं प्रकरण कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका. निवडीत ज्याच्याकडे लेखकाने दोनदा लक्ष वेधलंय त्याची वहीत नोंद करा.

पोलिसांपुढची कबुली. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यापासून हे चालत आलंय आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्यामुळे आपण पटकन म्हणतो, "पोलिसांपुढं कबूल केलं, त्याला काय किंमत?" अमेरिकेत किंमत आहे. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आधी सांगितलेला असला आणि कबुली स्वेच्छेने दिलेली असली, तर ती ज्युरीपुढं येते. हा हक्क सांगण्याचा दंडक १९६६च्या मिरांडा निकालातून आला. म्हणून ठाण्यातल्या चौकशीच्या प्रसंगात कोण कधी काय बोललं, आणि हक्क सांगितले ते नेमके कधी, हे मिनिटामिनिटाने वाचा.

बेकायदा मिळवलेला पुरावा. वर सांगितलेल्या पहिल्या भागाच्या नावाचा अर्थच आहे 'पुरावा वगळण्याचा अर्ज'. पोलिसांनी कायदा मोडून झडती घेतली असेल तर सापडलेली वस्तू खटल्यातून बाहेर काढावी, अशी मागणी त्यात असते. १९६१च्या मॅप निकालापासून अमेरिकेतल्या राज्यांच्या कोर्टांनाही ते लागू झालं. आपल्याकडे झडती बेकायदा होती एवढ्यानेच पुरावा बाद होत नाही, तो प्रस्तुत, म्हणजे खटल्याशी संबंधित, आहे का ते पाहिलं जातं. हा फरक माहीत नसेल तर रक्ताने माखलेला चाकू कोर्टाबाहेर गेलेला बघून वाचक चिडतो आणि पुस्तक मिटतो.

आरोपीचं बोलणं. आपल्याकडे सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश स्वतः आरोपीला एकेक मुद्दा विचारतात, तेही शपथेशिवाय. वकील मंडळी त्याला १९७३च्या संहितेतल्या कलमावरून अजून '३१३चा जबाब' म्हणतात, नव्या संहितेत कलम ३५१ झालंय तरी. अमेरिकेत असा टप्पा नाही. आरोपी एक तर शपथेवर साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि उलटतपासणी सोसतो, नाहीतर गप्प बसतो. तो उभा राहणार का, यावर अख्खी पन्नास पानं रंगतात ती याचमुळे.

निर्दोष सुटल्यानंतर. आपल्याकडे सरकार निर्दोष मुक्ततेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करू शकतं. अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपला, सरकार पक्षाला अपील नाही. "अजून हायकोर्ट आहे की" असं मनात आलं तर निकालाच्या पानावरचा ताण तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील मतदानाने निवडून येतो. त्याच्या हट्टामागे पुढची निवडणूक असू शकते.

मालिका जुन्या हिंदुस्थानात घडत असेल तर सालही तपासा. स्त्रियांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती १९२३ साली. त्याआधीच्या काळातली नायिका कागद तयार करते, अशिलाला सल्ला देते, पण कोर्टात उभी राहत नाही, तर तो तिचा भित्रेपणा समजू नका.

थांबून पाहा: हे फरक वहीत न बघता कट्ट्यावरच्या एखाद्याला समजावता येतात का? येत असतील तरच पुढं चला.

४. फसवे शब्द आधीच उलगडून ठेवा

इंग्रजीतून वाचत असाल तर काही ओळखीचे शब्द दगा देतात. 'मोशन' म्हणजे अर्ज. 'इन्फर्मेशन' म्हणजे माहिती नव्हे, तो आरोप ठेवणारा कागद. 'डिस्कव्हरी' म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागद दाखवणं. 'सेंटेन्स' म्हणजे शिक्षा. 'कंटिन्युअन्स' ऐकून खटला पुढं चालू राहिला असं वाटतं, पण तिचा अर्थ तहकुबी, पुढची तारीख. हरकतीवर न्यायाधीश 'सस्टेन्ड' म्हणाले तर हरकत मान्य, 'ओव्हररूल्ड' म्हणाले तर फेटाळली. ही शेवटची जोडी उलटी समजून आख्खी साक्ष उलटी वाचलेले लोक मी पाहिलेत. 'मॅनस्लॉटर'साठी आपल्या सदोष मनुष्यवधाच्या जवळ जा, दोन्ही अगदी एक नाहीत. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवला तर बाकीचं निभावतं.

पुस्तक उघडल्यावर

५. अशिलाची पहिली भेट दोनदा वाचा

तुरुंगातली किंवा ऑफिसातली ही भेट बहुतेक पहिल्या काही प्रकरणांतच येते. वकीलबाई सरळ "तू केलंस का?" असं विचारत नाहीत, आणि वाचकाला तो निष्काळजीपणा वाटतो. तसं नाही. अशिलाने सांगितलेलं गुपित ठेवणं वकिलावर बंधनकारक आहे, आणि त्याच वेळी खोटी आहे हे माहीत असलेली साक्ष कोर्टापुढं आणायलाही वकिलाला मनाई आहे. अशिलाने सगळं कबूल केलं तर त्याला साक्षीला उभं करण्याची वाट अरुंद होते. म्हणून त्या विचारतात, "पोलिसांना तू काय सांगितलंस?"

अशिलाची वाक्यं जशीच्या तशी, पान क्रमांकासह वहीत उतरवा. आपल्या शब्दांत सारांश नको. "मी तिला शेवटचं सोमवारी पाहिलं" आणि "सोमवारनंतर आमचं बोलणं झालं नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. सारांशात ती एकच होतात, आणि तीनशे पानांनी कोर्टात नेमका तोच फरक उकलतो.

सावधान: अशील खरं बोलतोय की खोटं, याचा निवाडा इथं करू नका. नोंद करा आणि पुढं जा.

६. उलटतपासणी: तीन फेऱ्यांत वाचा

सरतपासणी म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या वकिलाने घेतलेली तपासणी. तिथं प्रश्न मोकळे असतात आणि उत्तरं लांब. मग दुसऱ्या बाजूची उलटतपासणी, तिथं सूचक, म्हणजे उत्तर आतच सुचवणारे, प्रश्न चालतात. त्यानंतर पहिल्या वकिलाची फेरतपासणी, तीही उलटतपासणीत निघालेल्या गोष्टी स्पष्ट करण्यापुरती. अमेरिकेत आणि आपल्याकडे हा सांगाडा सारखाच आहे, त्यामुळे सराव घरच्या उदाहरणावर करता येतो. हे उदाहरण मीच रचलंय. प्रभात रस्त्यावरच्या एका सोसायटीचा वॉचमन सांगतोय की त्या रात्री आरोपीला बाहेर पडताना त्याने पाहिलं.

"तुम्ही गेटपाशी खुर्चीत बसला होता?"
"हो मॅडम."
"जिना मागच्या बाजूला आहे?"
"हो."
"पाऊस होता?"
"जोराचा होता."
"तुम्ही केबिनमध्ये गेलात?"
"आत बसलो, हो."
"केबिनच्या काचेवर पाणी होतं?"
"होतं थोडं."
"बाहेर गेलेल्या माणसाच्या अंगात रेनकोट होता?"
"हो."
"रेनकोटची टोपी डोक्यावर होती?"
"होती."
"मला आणखी काही विचारायचं नाही."

पहिल्या फेरीत सरळ वाचा. दुसऱ्या फेरीत फक्त उत्तरं वाचा. सगळी आखूड आहेत, एकही उत्तर वॉचमनच्या मनासारखं लांबलेलं नाही. उलटतपासणीत साक्षीदार लांबलचक बोलायला लागला तर समजा, लगाम वकिलाच्या हातून सुटला. तिसऱ्या फेरीत स्वतःला विचारा, कोणता प्रश्न विचारला नाही? इथं तो असा: "मग तुम्ही त्याला ओळखलं कसं?" आपल्याला तो विचारावासा वाटतो. वकीलबाई विचारत नाहीत, कारण वॉचमन म्हणाला असता, "चालण्यावरून. तीन वर्षं रोज बघतोय." एका उत्तरात सगळी मेहनत वाया गेली असती. त्या अलीकडेच थांबतात आणि उरलेलं शेवटच्या युक्तिवादात स्वतः बोलतात.

आता सरकारी वकिलाकडे बघा. तो फेरतपासणीत नेमका तोच प्रश्न विचारतो का? विचारला तर त्याची तयारी चांगली. चुकला तर का चुकला ते वहीत लिहा. चांगली लेखिका ते कारण आधी कुठंतरी पेरून ठेवते.

नेहमीची चूक: साक्षीदार खोटं बोलतोय हे उघडकीला आलं म्हणजे उलटतपासणी जिंकली, असं धरून चालणं. वरचा वॉचमन एकही खोटं वाक्य बोललेला नाही. तरी त्याच्या साक्षीला भोक पडलं.

७. कोर्टाबाहेरची प्रकरणं

ही सोडू नका, पण तीन फेऱ्यांचीही गरज नाही. एका बैठकीत वाचा. एकच गोष्ट टिपा: वकीलबाईंना बाई म्हणून कुठं अडवलं जातं. न्यायाधीश कोणाचं वाक्य मध्येच तोडतात, अशील 'मोठे वकीलसाहेब कधी येणार' असं कधी विचारतो, रात्रीचं साक्षीदार शोधायला जाताना त्या कोणाला कळवून जातात. कोर्टात त्या एखादा डाव का टाकतात किंवा टाळतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं.

८. निकालाआधी पुस्तक मिटा

दोन्ही बाजूंचे अंतिम युक्तिवाद संपले आणि ज्युरी खोलीत गेली की खूण घालून पुस्तक मिटा. एक रात्र जाऊ द्या. वही उघडा, डाव्या पानावर रेघ न मारलेलं काय उरलंय ते बघा. एवढ्यावर तुम्ही दोषी म्हणाल का? एका वाक्यात निर्णय आणि एका वाक्यात कारण लिहा. "मला वाटतं त्यानेच केलं" हे कारण धरायचं नाही. निशाणी किंवा साक्षीदार दाखवता आला पाहिजे.

आमच्या कट्ट्यावर आम्ही हे चिठ्ठ्यांवर करतो. गेल्या पुस्तकाला नऊ जणांपैकी सात जणांना आरोपीनेच खून केला अशी खात्री होती, पण चिठ्ठीत दोषी लिहिणारे दोघंच निघाले. बाकी पाच जणांना कारणाची ओळ भरता आली नाही.

दोन भागांच्या मध्ये

९. एक सकाळ शिवाजीनगरला

पहिला भाग संपला की दुसरा उघडण्याआधी जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. मेट्रोचं स्टेशन शेजारीच आहे. आपली न्यायालयं सर्वांना खुली असतात. बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर मागच्या बाकावर बसायला कोणी हरकत घेत नाही. मोबाईल बंद ठेवा, फोटो किंवा रेकॉर्डिंग अजिबात नको, न्यायाधीश आले की उभं राहा. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून सत्र खटल्याचा साक्षीपुरावा कुठं आहे ते विचारा. पहिल्या फेरीत तारखाच पडतील, निराश होऊ नका.

साक्ष सुरू झाली की कान एका वाक्यावर ठेवा. बचावाचे वकील सुचवतात, साक्षीदार नाही म्हणतो, आणि न्यायाधीश लघुलेखकाला सांगतात: "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो." पुन्हा, "हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." पहिल्यांदा ऐकताना वाटतं, सगळं नाकारलं गेलं, मग विचारून काय मिळवलं? त्या सूचनांतून बचावाची बाजू काय आहे ते कागदावर येत असतं. हे कानांनी ऐकलं की पुस्तकात सतत नाकारली जाणारी सूचनाही वाया गेली असं वाटत नाही. तिच्यावर लक्ष ठेवता येतं.

१०. दुसरा भाग उघडताना

जुनी वहीच पुढं चालवा. वकीलबाईंच्या नावासमोर तीन ओळी आधी भरा: मागच्या खटल्यात त्यांनी कोणाला दुखावलं, कोणाचे उपकार घेतले, आणि कोणतं गुपित अजून त्यांच्याजवळच आहे. मग पहिलं प्रकरण वाचा. या तिघांपैकी कोणी चाळीस पानांच्या आत परत आलं तर त्या पानाचा क्रमांक त्याच ओळीपुढं लिहा.